कर्नलसाहेबांचा पगार

नागपूरहून निघण्याआधी भाच्याने, म्हणजे प्रशांतने, फोनवर मला एकच ताकीद दिली. "मामा, इथे काहीही करा. मोठ्याने बोला, ढेकर द्या, लोक सांभाळून घेतील. फक्त कुणाला पगार विचारू नका."

आता सांगा, पगार विचारायचा नाही तर नव्या माणसाशी बोलायचं तरी काय? माझी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. तिथे आम्ही आधी पगार विचारायचो, मग नाव. तरी शब्द दिला. विमानात शेजारच्या गोऱ्याकडे पाहून तो प्रश्न इतक्यांदा घशाशी आला, की युरोप ओलांडेपर्यंत माझा आवाज बसला.

प्रशांत शॉमबर्गला राहायचा, शिकागोच्या जवळ. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. ऑक्टोबर महिना होता आणि झाडं अशी लालभडक पेटली होती, की पहिल्या सकाळी मी बादली शोधली. रस्ते इतके स्वच्छ, की चपला हातात घेऊन चालावंसं वाटे. माणूस मात्र औषधालाही दिसेना.

माणसं भेटली ती रविवारी. आपल्याकडच्या बौद्ध मंडळींना जवळचं विहार म्हणजे तिथल्या थाई लोकांचं 'वात' (विहार). प्रशांतच्या समोरच्या घरात राहणारी मालि आम्हाला तिच्या गाडीतून तिकडे न्यायची. ही थाई पोरगी हॉस्पिटलात नर्स. घर दोन खोल्यांचं, आणि गाडी अशी खिळखिळी, की आमच्या वर्कशॉपने ती भंगारातही घेतली नसती. मला ती 'लुंग' (काका) म्हणायची.

त्या रविवारी तिचे वडीलही बरोबर होते. बँकॉकहून लेकीला भेटायला आलेले. पोलीस खात्यात कर्नल. तिकडे पोलिसांतही कर्नल असतात. एका वर्षाने निवृत्त व्हायचे होते. अंगाने माझ्यासारखेच गोल, चेहरा हसरा, आणि मनगटावर सोन्याचं घड्याळ. इतकं जड, की साहेब डावीकडे कलून चालत. इंग्रजी माझं तोडकं, त्यांचं त्याहून तोडकं. मालि दुभाषी.

वाटेत ती आम्हाला सांगत होती, "बाबांनी माझ्यासाठी घर पाहिलंय. तळ्याकाठी. रोख घेणार आहेत. उद्या मी सही करायची आहे."

"अभिनंदन!" मी ओरडलो.

तिने आरसा नीट केला. तो नीटच होता. "रात्रभर झोपले नाही, लुंग. हो म्हणवत नाही, नाही म्हणवत नाही."

पुढे कॉफीसाठी थांबलो. कॉफी संपली तसे साहेब उठले, मालकाकडे पाहून मान किंचित हलवली आणि निवांत बाहेर चालू लागले. काउंटरवरची पोरगी "सर! सर!" करत मागे धावली. साहेब थबकले. हे काय चाललंय ते त्यांना खरोखर कळेना. मालिने लाल होऊन पैसे दिले.

ती चाल मी कुठेही ओळखीन. एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये हवालदार असाच उठायचा. प्रशांतला मी कोपराने ढोसलं. तो पुटपुटला, "मामा, प्लीज."

विहारात त्या दिवशी चीवरदान होतं, म्हणजे भिक्खूंना वस्त्रं देण्याचा सोहळा. भन्तेंचं भोजन झालं आणि आम्ही सतरंजीवर जेवायला बसलो. सोमतम (कच्च्या पपईची कोशिंबीर) आली. साहेबांनी मला एक बारीक हिरवी मिरची दाखवली. मी ती खाल्ली. मी सावजी रश्शावर वाढलेला माणूस. मी दोन खाल्ल्या. त्यांनी चार. मग सामना असा पेटला, की शेजारच्या रांगेतल्या लोकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेवटी दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होतो. इतक्या प्रेमात आल्यावर दिलेला शब्द कोण पाळतो?

"साहेब," मी म्हणालो, "तुमचा पगार किती?"

प्रशांतला ठसका लागला. मालिचा चमचा हवेतच थांबला. तिने वडिलांकडे पाहिलं आणि थाईत बोलायला लागली. माझा प्रश्न केवढासा, पण तिचं बोलणं संपेना. पुढे कळलं, माझ्या प्रश्नामागे तिने स्वतःचेही जोडले होते, शाळेपासून साठलेले.

साहेबांनी आकडा सांगितला. प्रशांतने रुपयांत करून दिला. माझ्या शेवटच्या पगाराच्या आसपासच!

मला खरंच कळवळा आला. "अरेरे! मग एवढ्यात कसं भागवता? हे घड्याळ हप्त्यावर घेतलंत का?"

मालिने तेही सांगितलं. साहेब हसले. मग घड्याळाकडे पाहिलं आणि हसू ओसरलं. ते हळूहळू बोलू लागले, ती सांगू लागली.

"बाबा म्हणतात, नोकरीत हे कुणी विचारलंच नाही. खालचे विचारू शकत नाहीत, वरच्यांना ठाऊकच असतं. पहिलं पाकीट त्यांनी परत केलं होतं. लगेच बदली झाली, सरहद्दीवर, डासांत. दुसरं परत केलं नाही. मग चांगल्या ठाण्यासाठी वर द्यावं लागलं. ते भरून काढायला आणखी घेतलं. मोटारसायकलचं पेट्रोल स्वतःचं, ठाण्यातला कागदसुद्धा स्वतःचा. म्हणतात, एकदा चाक फिरलं की..." ती थांबली. "म्हणतात, सगळं माझ्यासाठी केलं."

मग ती आम्हाला विसरली. त्यांच्याशी काय बोलली ते तिने परतताना सांगितलं: "फॉ (बाबा), मला घर नको. आणि माझ्यासाठी केलं असं म्हणू नका. मी मागितलं नव्हतं."

साहेब एवढा मोठा माणूस, पण अडगळीत ठेवलेल्या गादीसारखा दिसत होता. मला वाटलं, मामा, तू अमेरिकेत येऊन एका बापाचं घर मोडलंस.

तेवढ्यात भन्ते पठण करू लागले. तिथली रीत अशी: प्रत्येक घरातला मोठा माणूस छोट्या झारीतून वाटीत पाणी ओततो आणि पुण्य वाटून देतो. घरचे त्याच्या अंगाला हात लावून बसतात, म्हणजे तेही वाटेकरी. साहेबांनी झारी उचलली. धार वाटीबाहेर जाऊन पाणी सतरंजीवर सांडत होतं. मालि समोर बघत होती. पठण अर्ध्यावर आलं. मग तिने हात पुढे केला आणि वडिलांच्या कोपराला लावला. धार सरळ झाली. मी मालिच्या खांद्याला हात लावला, प्रशांतने माझ्या पाठीला. पुण्य किती मिळालं माहीत नाही, पण त्या धारेचा आवाज मी ऐकला.

परतताना पुन्हा त्याच दुकानात थांबलो. कॉफी संपली. साहेब उठले, दोन पावलं गेले आणि काउंटरकडे वळले. पाकिटातून शंभर डॉलरची नोट काढली. पोरगी म्हणाली, "सुटे नाहीत का?"

त्यांच्याकडे सुटे नव्हतेच. मालिने आपल्या पर्समधून सुटे काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते काउंटरवर मांडले, पावती मागितली, आणि घडी घालून खिशात ठेवली, एखादं पदक ठेवावं तशी. सोमवारी कुणी सही केली नाही. परत जाईपर्यंत साहेब लेकीच्या सोफ्यावर झोपले. त्यांच्या घोरण्याने, खोटं सांगत नाही, आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं.

नागपूरला परतलो, तर सगळ्यांचा एकच प्रश्न: भाच्याचा पगार किती? मी सांगून टाकला. वाईट प्रश्न नाही तो. नेमका ज्यांना विचारायला हवा, त्यांना मात्र आपण सोडून देतो.

परवा तर्री-पोह्याच्या गाडीवर उभा होतो. एक हवालदार खाऊन उठला, गाडीवाल्याकडे पाहून मान हलवली, निघाला. मी म्हणालो, "साहेब, पगार किती तुमचा?"

तो हसला. "का काका, सोयरीक आणली की काय?"

"नाही. मुलगी आहे का तुम्हाला?"

"आहे. सातवीत."

"मोठी झाली की तीच विचारेल. तुमची तालीम घेतली."

मग त्याने खिशात हात घातला, असं मी लिहिलं, तर तुम्ही म्हणाल मामा नेहमीसारखा फेकतोय. म्हणून नाही लिहीत.