मेंगसाहेबांच्या सपाता

बांग बोंगनानला कोरियातल्या सोलच्या त्या खासगी दवाखान्यात सगळे मावशीच म्हणत. चीनमधल्या यानब्यानहून आलेल्या बाईला एवढा मान मिळाला हेही नशीबच म्हणायचं. रोग्याच्या उशाशी राहायचं, त्याला पुसायचं, कुशीवर वळवायचं आणि रात्री त्याच्या पलंगाखालचा बुटका बाक ओढून त्यावर अंग टाकायचं, हे काम ती कितीतरी वर्षं करत होती. पण सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या मेंगसाहेबांसारखा रोगी तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. या रोग्याला काही झालेलंच नव्हतं!

बांधकामाच्या धंद्यातलं हे बडं प्रस्थ. टीव्हीवर सारखा चेहरा, अनाथाश्रमांना देणग्या. आपल्या ड्रायव्हरला त्यांनी गोल्फच्या काठीनं इतकं मारलं की तो बिचारा उठलाच नाही. शिक्षा झाली, तुरुंगातही गेले. मग डॉक्टरांनी लिहून दिलं, मणक्याचा आजार, चालता येत नाही. झालं, शिक्षा थांबली आणि साहेब या खोलीत आले. दार लागलं की साहेब खोलीभर फेऱ्या मारायचे, दंड काढायचे आणि गोमांस भाजून आणवून चवीनं खायचे. जळ्ळं मेलं ते आजारपण! बोंगनान सगळं बघायची आणि मान खाली घालायची.

मान खाली घालायला तिला कारण होतं. तिचा धाकटा भाऊ हाक्सू तुरुंगात होता. दारूच्या नादात एका मुकादमाचा जबडा फोडला होता त्यानं. गुन्हा केला, शिक्षा झाली, त्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. पण हाक्सूला साखरेचा आजार होता आणि त्याच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. भेटीच्या काचेपलीकडून त्यानं पाय वर करून दाखवला. असे पाय तिनं पाहिले होते. आधी अंगठा जातो, मग पाऊल, मग माणूस. बाहेरच्या दवाखान्यात न्या, म्हणून तिनं किती विनवण्या केल्या. तुरुंगातून एकच उत्तर, गोळ्या चालू आहेत.

ही गोष्ट साहेबांच्या सेक्रेटरीच्या, त्या यूमच्या कानावर गेली. गोड बोलून गळा कापणारा माणूस तो. लवकरच सरकारी वकिलांच्या कचेरीतून साहेबांच्या आजाराची तपासणी व्हायची होती. मावशींनी एवढंच सांगायचं, यूम म्हणाला, की साहेबांना पाऊलही टाकता येत नाही. भावाचं मग आम्ही बघतो. आणि नाही सांगितलं तर? हे तिनं विचारलं नाही. तिच्या व्हिसाची मुदत कधी संपते, हे यूमनं बोलता बोलता अचूक सांगितलं होतं.

तपासणीच्या दिवशी सकाळपासून तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. खोटं बोललं आणि उघडं पडलं तर आपणच तुरुंगात जाऊ, आणि हाक्सू तिथं सडून मरेल. एक सरकारी वकील आला, सोबत एक डॉक्टर. साहेब पलंगावर मेल्यासारखे पडले होते. पाहुणे आले म्हणून त्यांनी उशीवरून मान जराशी उचलली मात्र, आणि घात झाला. मोठं माणूस उठायला लागलं की त्याची पादत्राणं टोकं बाहेर करून मांडायची, हे तिच्या आईनं लहानपणी हातावर छड्या मारून शिकवलं होतं. बोंगनान वाकली, पलंगाखालच्या सपाता काढल्या आणि पाय घालायला सोप्या जातील अशा नीट मांडल्या. टाचेला झिजलेल्या, चालून चालून सैल झालेल्या सपाता.

मग तिला कळलं आपण काय केलं ते. धाबं दणाणलं तिचं. साहेबांनी डोळे गच्च मिटून घेतले. यूमच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

वकिलानं सपातांकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग त्यानं बुटाच्या टोकानं त्या सपाता हळूच पलंगाखाली सारल्या.

"मावशी," तो म्हणाला, "साहेबांना चालता येत नाही ना?"

"नाही येत," ती म्हणाली. आपला आवाज तिला ओळखू आला नाही.

डॉक्टर कागदावर लिहीत होता, त्यानं मानही वर केली नाही. ते गेल्यावर ती न्हाणीघरात जाऊन दार लावून बसली. पकडले जाऊ म्हणून ती इतके दिवस थरथरत होती. आता तिला त्याहून मोठी भीती वाटायला लागली. इथं पकडणारं कोणी नव्हतंच.

यूमनं शब्द पाळला, हे मात्र कबूल केलं पाहिजे. दुसऱ्याच दिवशी हाक्सूला बाहेरच्या दवाखान्यात हलवलं. सगळे अर्ज, सगळ्या विनवण्या एका फोनपुढे पाणी भरायला गेल्या. अंगठा काढावा लागला, पण पाय वाचला. पलंगाला हातकडीनं बांधलेला हाक्सू तिला बघून लहान पोरासारखा रडला. "ताई, कुणाचे पाय धरू सांग," म्हणाला. तिनं त्याला पेज भरवली.

महिना भरला की हे काम सोडायचं, असं तिनं परत येताना बसमध्ये पक्कं केलं. खोलीत साहेब खिडकीशी उभे राहून नाशपाती खात होते.

"भावाचं कसं आहे?"

"पाय वाचला साहेब. तुमची कृपा."

"त्या ड्रायव्हरचा म्हातारा बाप कोर्टात गेलाय," साहेब शांतपणे म्हणाले. "माझं आजारपण खोटं आहे म्हणतो. तुला बोलावतील. तिथं शपथेवर सांगायचं, इथं सांगितलंस तसं." त्यांनी नाशपातीची आणखी एक फोड उचलली. "भावाचा दुसरा पाय धड आहे ना?"

"धड आहे, साहेब," बोंगनान म्हणाली.

"मग झालं तर."

तिनं रिकामी बशी उचलली. हात कापत होते, म्हणून ती दोन्ही हातांनी धरली. साहेबांना ते अदबीचं वाटलं, आणि त्यांनी खूश होऊन मान डोलावली.