दोन देशांचे व्याही

काका दोन कानांना दोन फोन लावून बोलायचे. डाव्या कानाशी डच अधिकारी, उजव्या कानाशी जर्मन. वाक्य एकच, भाषा आलटून पालटून. एकाला बातमी आधी कळली की दुसऱ्याचा मान दुखावतो, असं त्यांचं ठाम मत. हॉलंडमधल्या हूफडॉर्पच्या आमच्या ऑफिसात सीमेवरच्या संयुक्त विमानतळाचं काम चालायचं. मी सॉफ्टवेअर सांभाळायचो, काका दोन्ही देशांना सांभाळायचे. म्हणून आम्ही मराठी मंडळी त्यांना पाठीमागे ‘व्याही’ म्हणायचो.

ते मूळचे पुण्याचे, पण उभी हयात लायडस्खेनडाममध्ये काढलेली. पेपरात प्रकल्पाबद्दल अफवा आली की आमचे वकील खुलासा लिहायला बसत आणि काका हात जोडत. “अहो, खुलासा करणं म्हणजे अफवेला कुंकू लावणं. एकदा लावलंत की ती घरचीच झाली.”

एकदा करारावरच्या सह्या आठवड्यावर आलेल्या असताना एका डच पेपराने छापलं: धावपट्टी आपल्याला, गोंगाट जर्मनांना. सीमेपलीकडच्या गावचे महापौर अडून बसले. त्यांची सही नाही म्हणजे प्रकल्प नाही, आणि आमच्यातल्या निम्म्यांचा इथे राहायचा परवाना त्या नोकरीला बांधलेला. मी तर मनातल्या मनात बॅगा भरू लागलो.

“गोंगाटाचं एवढं नाही रे,” काका म्हणाले. “त्याला ही बातमी न्हाव्याच्या खुर्चीत कळली. दुखणं तिथे आहे.”

सीमेच्या दोन्हीकडच्या गावांच्या महापौरांनी भेटायचं ठरलं, पण कुणी कुणाकडे जायचं? काकांनी सीमेवरच्या बटाट्याच्या शेतात टेबल मांडलं. सीमारेषा टेबलाच्या बरोबर मधून. जो तो आपापल्या देशात बसला, पत्रकार बांधावर. कॉफीचं खातं माझ्याकडे होतं. “बिस्किटांचा डबा उघडा ठेव,” काकांनी बजावलं होतं. “पाहुणचार आपल्या पद्धतीचा.”

कॉफीबरोबर एक बिस्किट द्यायचं आणि डबा बंद करायचा, ही इथली रीत. इतक्या वर्षांत ती माझ्याही अंगवळणी पडलेली. जर्मन महापौरांचा हात दुसऱ्या बिस्किटाकडे निघाला आणि मी झाकण लावलं. टक्क! ते उठले आणि गाडीपाशी जाऊन उभे राहिले.

पत्रकार धावत आले. “बोलणी फिसकटली?”

मी काकांकडे पाहिलं. “जे झालं ते सांग,” ते म्हणाले. मला तसंही दुसरं काही जमत नाही.

“झाकण मी लावलं,” मी म्हणालो. “त्यांना अजून एक बिस्किट हवं होतं. चूक सर्वस्वी माझी. मला फार वाईट वाटतंय.”

गाडीपाशी कुणीतरी खो-खो हसलं. ते महापौरच होते. परत येऊन बसत म्हणाले, “बरं झालं लावलंत. मला मधुमेह आहे. दुसरं खाल्लं असतं, तर बायकोने मला सीमेपार हाकललं असतं.”

मग कुठल्या घरापर्यंत किती आवाज पोचेल, तो गोंगाटाचा नकाशा दोघा महापौरांनी डोक्याला डोकं लावून वाचला. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या पेपरांत फक्त बिस्किटं होती. “खोटं बोलणारे ढीगभर मिळतात रे,” काका मला म्हणाले, “पण असा अपराधी चेहरा बाजारात मिळत नाही.”

सह्या झाल्या. आत सोहळा रंगला होता आणि काका बाहेर ड्रायव्हर मंडळींशी गप्पा मारत होते. मी त्यांना फोटोसाठी ओढायला गेलो. “लग्नाच्या फोटोत मध्यस्थ दिसला, तर समजावं, काहीतरी निस्तरायचं राहिलंय,” ते म्हणाले. “जा तू.”

गेल्या हिवाळ्यात काका गेले. त्यांच्या मुलीने ऑफिसातला त्यांचा एखादा फोटो मागितला. आम्ही सगळा संग्रह उपसला, काका कुठेच नाहीत. शेवटी सह्यांच्या फोटोत, दाराच्या कडेला, एक करडी बाही दिसली.

“हे बाबाच ना?” तिने डचमध्ये विचारलं. तिला मराठी समजतं, बोलता येत नाही.

“हो,” मी मराठीत म्हणालो.

तिने तो फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय. तिच्या घरी गेलो की मी कुणा परक्याच्या त्या बाहीला मनोभावे नमस्कार करतो.