म्हाताऱ्याने दाखवलेली वाट
इथे अमेरिकेत मॉरिसव्हिलच्या इंडियन ग्रोसरीत सुक्या जर्दाळूंचा वास आला, की मला अफगाणिस्तानातलं, छपरांवर जर्दाळू वाळत घातलेलं ते गाव आठवतं. मी अमेरिकन सैन्यात होतो. बंडखोरांच्या शोधात आमची बटालियन महिनोन्महिने तिथल्या दऱ्यांमध्ये फिरत होती आणि मला हिंदी येत असल्याने पाकिस्तानात राहून उर्दू शिकलेल्या गावकऱ्यांशी बोलायला मलाच पुढे करत. एका दुपारी आम्ही गावातून परत निघालो, तेव्हा पूर्वी पेशावरला हमाली केलेल्या एका म्हाताऱ्याने माझी बाही धरली. "बेटा, पुल से मत जाना. नाले से जाओ." मी ते सार्जंटला सांगितलं. त्याने डोळे बारीक केले. "याला कसं माहीत? ओढ्यात गाठायचा डाव असेल." मलाही तेच वाटत होतं. म्हाताऱ्याला विचारलं, तर तो चपला हातात घेऊन गार पाण्यात उतरला आणि आमच्यापुढे चालू लागला. आम्ही त्याच्या पाठीवर बंदुका रोखूनच मागोमाग गेलो. संध्याकाळी आमच्या पथकाला पुलाखाली स्फोटकं सापडली. दुसऱ्या दिवशी त्याला विचारायला गेलो, तर घराला कुलूप होतं. ती स्फोटकं लावताना त्याने कुणाला पाहिलं होतं, की त्यानेच लावली होती, हे मला अजून ठरवता येत नाही. मुलीला ही गोष्ट सांगताना मात्र मी "तिथे एक आजोबा होते" अशीच सुरुवात करतो.