वेडी बाभूळ

फाल्गुन सरू लागला, की दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या मागच्या बाल्कनीत पिवळसर, मऊ तुरे पडू लागतात. पायाखाली त्यांचा भुगा होतो, आणि त्या भुग्याला एक मंद, मधाळ, किंचित धुळकट गंध असतो. केर काढताना तो आला, की माझा हात थांबतोच! लग्न होऊन वर्ध्याकडच्या खेड्यातून मी या परक्या नगरीत आले, तेव्हा माझ्या ओळखीचं इथे होतं तरी काय? भिंतीपलीकडचं ते काटेरी, वेडंवाकडं झाड दिसलं आणि जीव भांड्यात पडला. अगंबाई, ही तर आपली बाभूळ!

माझी लेक सुजाता त्या झाडाखालीच वाढली. दिल्लीत वाढलेल्या मुलांचं मराठी ते केवढं! उंबर, बांध, शिवार, किती शब्द तिच्या तोंडून गळून गेले. 'बाभूळ' तेवढा टिकला. मीच तिला सांगायची, आमच्या बांधावर हीच आहे, बाबा रिटायर झाले की आपण तिकडेच जायचं.

आता ती रविवारी काही झाडवेड्या मंडळींबरोबर इथल्या टेकडीवरच्या रानात जाते. परमुलखातून आलेली, इथल्या झाडाझुडपांना जगू न देणारी रोपं ओळखायची, ती कुठवर पसरली ते टिपायचं, आणि पुढच्या ऋतूत पुन्हा जाऊन ताडून पाहायचं, असं त्या मंडळींचं काम. या वसंतात एकदा ती परतली ती थेट बाल्कनीत गेली. एक तुरा तळहातावर घेऊन म्हणाली, "आई, ही बाभूळ नाहीये यार! बाभळीचं फूल गोल असतं, गोंड्यासारखं. हा बघ, लांबडा तुरा. ही विलायती कीकर आहे. इंग्रजांनी बाहेरून आणून लावली, आणि हिने सगळं रान खाऊन टाकलं."

काय सांगू, मला चक्क रडू आलं. गोल फूल! लहानपणी कानांत अडकवून मिरवलेली ती फुलं मी विसरले तरी कशी? आठवणींचंही असंच होत असेल का, की परकं बी कधी रुजलं आणि मूळचं कधी हटलं, ते आपल्याला कळतही नाही?

"काढणार का ग हिला?" मी विचारलं.

"तू पण ना, आई! एकदम कोणी नाही काढत. पक्षी राहतात तिच्यात. आधी तिच्या सावलीत देशी रोपं लावायची, ती वर आली की हळूहळू हिच्या फांद्या उतरवायच्या." मग मोबाइलमध्ये काहीतरी पाहून ती हसली. "अच्छा, सुन ना, मराठीत हिला वेडी बाभूळ म्हणतात! म्हणजे तू बिल्कुलच चुकली नव्हतीस."

वेडी! कोणी आणावं, कोणी विटावं, आणि हिने आपली मुळं खोल खोल सोडत राहावं. तिचा अपराध मला कळतो. ती माजते तिथे दुसरं काही वाढत नाही, लेक म्हणते ते खरंच आहे. पण सुखात आणि दुःखात मी जिच्याकडे पाहिलं ती हीच, याच मातीतली, हीच धूळ अंगावर घेणारी. गावाची म्हणून जी माया मी इतकी वर्षं जपली, ती या दिल्लीवरचीच नव्हती का?

त्याच आठवड्यात जेवताना यांनी विषय काढला. निवृत्ती जवळ आलेली, क्वार्टर सोडायचं. वर्ध्याला जायचं की इथेच, दिल्लीला लागून गाझियाबादला घेऊन ठेवलेल्या फ्लॅटमध्ये? "तुला तर गावच हवंय, विचारायचं काय," म्हणत ते हसले. सुजाता मान खाली घालून वरण ढवळत बसली. नोकरी तिची इथे. आम्ही गेलो तर ती एकटी उरणार, हे ती कधीच बोलून दाखवणार नव्हती.

मी तिच्या ताटात पोळी वाढली आणि म्हटलं, "गाझियाबाद." यांचा घास हातातच राहिला. माझं मलाच नवल वाटलं, गावाचं नाव घ्यावं तितक्या मायेने निघाला तो शब्द!