दादाची हजेरी

"तायडे, छातीत लई दुखतंय... गाडी कडंला घेतलीय, हितं..." रेडिओवर दादा एवढंच बोलला आणि आवाज तुटला. हितं म्हणजे कुठं, ते कळलंच नाही. मी भोरला घरातल्या सेटवर ओरडत राहिले. दादा विंझरच्या पुढं गेला होता, तिथं मोबाईलला रेंज नसते. दुपारी एका दूधवाल्या टेम्पोला दादाची जीप दिसली, तोवर सगळं संपलं होतं.

दादा उत्रोलीत भातशेती करायचा. हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेनं बिनतारी सेटवर बोलायचं वेड त्याचंच, मलाही त्यानंच परवान्याच्या परीक्षेला बसवलं. जीपसाठी सेट घेताना दुकानदार रंगीत पडदा दाखवत होता आणि हा डोळे मिटून बटणं चाचपत होता! "रस्त्यावरची नजर न काढता बोट गेलं पायजे. अन् वायर थेट बॅटरीवरनं, मधी दणकट फ्यूज. शिग्रेट लायटरच्या भोकातनं घेतली, की तिथला फ्यूज नाजूक, ऐन वक्ताला घात." बॉनेट उघडून त्यानं अख्खा दिवस त्यात घातला होता.

शेखर आमच्यातलाच हॅम. गाड्यांच्या शर्यतीसाठी त्यानं तो सेट मागून नेला. परत आणला तेव्हा म्हणाला, "दादा, तुमी बसा, म्या जोडतो." बॉनेट उघडायचा आळस! डॅशबोर्डमागून गुपचूप लायटरला वायर जोडून मोकळा झाला. गावाजवळ कमी ताकदीवर सगळं ठीक चाललं. त्या दिवशी लांब पोचायला दादानं पूर्ण ताकद लावली आणि लायटरचा फ्यूज उडाला. जळका फ्यूज मी माझ्या हातानं काढलाय.

शोकसभेत सगळ्यात मोठा हार शेखरचा. वर मलाच सांगतो, "ताई, नशिबाफुडं कुनाचं चालतंय?" माफ कर, असं घरचे म्हणतात. नाही करणार.

रविवारी सकाळी आमच्या भागातले हॅम रेडिओवर हजेरी देतात. ती दादा घ्यायचा, आता मी घेते, त्याच सेटवरून. सेट माझ्या गाडीत आहे, वायर थेट बॅटरीवरून. गेलेल्याचं नाव एकदा पुकारायचं, क्षणभर गप्प राहायचं आणि मग वगळायचं, असा आमचा रिवाज. मी वगळलेलं नाही. आधी दादाचं नाव घेते, थांबते... आणि लगेच शेखरचं.

"शेखर, वायर कुठनं घेतलीस?"

सगळे ऐकत असतात. तो आला नाही, तर का आला नाही, हेही सगळे विचारतात. गेल्या रविवारी त्याचा आवाज रडवेला झाला होता. "चुकलं माझं, ताई. आता बास करा की..."

मला अगदी स्वच्छ ऐकू आलं. मी माईक दाबला.

"आवाज तुटतोय, शेखर. पुन्हा सांग."