मिठू आणि फणसाचा तुकडा

सुताराच्या दुकानात किस्से भुशासारखे साठतात. भुसा निदान कोणीतरी पोत्यात भरून शेगडीसाठी घेऊन जातं. किस्से कोणी नेत नाही. इतक्या वर्षांनी झाडायला गेलं तरी कोपऱ्यात सापडतात.

आमचं दुकान वसईत, चर्चच्या रस्त्याला. मालक बस्त्याव, मी कारागीर आणि इनास पॉलिशवाला. जवळच सातिवलीला तेव्हा मशीनवाले गाळे नुकतेच उभे राहत होते. आमचं काम हाताचं. चर्चचे बाक, घरांची दारं आणि मयताच्या पेट्या. मी चौथीही पुरी केली नाही. पण माझ्या पेटीचं झाकण कधी अडलं नाही.

त्या वर्षी बस्त्यावची बायको नातालीन तापाने गेली. तिचा पोपट, मिठू, स्वतःची पिसं उपटायला लागला. छाती उघडी पडली. बस्त्यावने पिंजरा दुकानात आणून टांगला.

"तिच्या हातचं घरात एवढंच उरलंय," तो म्हणाला. "हा गेला तर मी दुकान बंद करतो."

गुरांचे डॉक्टर बघून गेले. म्हणाले, "दुखणं नाही. चोचीला काम नाही. खेळणं द्या, नाहीतर स्वतःला खाऊन मरेल."

* * *

मी म्हटलं, त्यात काय! दुपारपर्यंत सागाचं चक्र तयार केलं. चार आरे, मध्ये घुंगरू. पिंजऱ्याचं दार उघडलं आणि सरळ आत टांगलं.

मिठू किंचाळला. गजांवर आपटला, पुन्हा आपटला. चक्र बाहेर काढलं तेव्हा तो तळाशी पडून धापा टाकत होता. पंखाला रक्त.

इनास म्हणाला, "काम फर्स्ट क्लास, मिस्त्री! फक्त गिऱ्हाईक मरता मरता वाचलं."

बस्त्याव हळद आणून त्याच्या पंखाला लावत बसला.

* * *

नायगावहून रेमेतबाई मासळीची पाटी घेऊन यायची. पाणी प्यायला आमच्या दारात टेकायची. पोपटाची छाती बघून तिने मलाच झापलं.

"नवी सून आनली की पयल्याच दिवशी सगळं घर तिच्या अंगावर टाकतोस काय रे? दुरून दिसू दे तिला. रोज थोडं जवळ."

चाळीस वर्षं करवत धरलेल्या माणसाला मासळीवालीने शिकवावं! पण शिकलो. चक्र दुकानाच्या दाराच्या चौकटीला टांगलं. तिथून पिंजऱ्यापर्यंत भिंतीवर वीत वीत अंतराने पेन्सिलच्या खुणा केल्या. रोज एक खूण पुढे. मिठू घाबरला की एक खूण मागे.

सहाव्या दिवशी इनासने गुपचूप चक्र तीन खुणा पुढे सरकवलं. "किती दिवस लाइनीत उभं करणार त्याला!"

संध्याकाळपर्यंत मिठूने मानेखालची पिसंही काढली. चक्र परत दारावर. पहिल्यापासून सुरुवात.

मी इनासला एवढंच म्हटलं, "पुढची पेटी तुझ्या मापाची."

* * *

चूक भरून काढायला इनासने दुसरी चूक केली. उरलेल्या ऑइलपेंटने चक्र लालभडक रंगवलं. म्हणे, पोपटाला मिरची आवडते!

मी त्याच्यासमोर चक्राचे दोन तुकडे केले. पक्षी रंग चघळून मरतो, एवढं चौथी नापासालाही कळतं. दुसरं केलं. कोरं लाकूड, घुंगरू नाही.

* * *

रेमेतबाईचा पुढचा सल्ला, "आधी धन्याने खेळून दाखवायचं. मग पाखरू इस्वास ठेवतं."

म्हणून बस्त्याव रोज पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसायचा. दंडाला सुतकाची काळी पट्टी लावलेला, दाढी वाढलेला माणूस. चक्र फिरवायचा, दाताने चावल्यासारखं करायचा. तोंडावर हसू नाही.

एकदा फादर एका म्हातारीच्या पेटीचं माप घेऊन आले आणि दारातच थांबले. बराच वेळ बघत राहिले. मग इनासला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "कधीपासून असं चाललंय?"

"महिना झाला, फादर. पण आता सुधारतोय."

"कोण?"

इनास पॉलिशचा बोळा घेऊन कामाला लागला. फादर माप देऊन गेले.

* * *

चक्र शेवटच्या खुणेपर्यंत आलं, मग पिंजऱ्यात गेलं. मिठू आता घाबरत नव्हता. पण शिवतही नव्हता. चक्राशेजारी बसून पिसं उपटायचा. पेरू तसाच पडून राहायचा. बस्त्यावने नव्या ऑर्डर घेणं बंद केलं.

आमच्या दुकानाचा एक नियम होता. पेटीचं उरलेलं लाकूड दुसऱ्या कशाला लावायचं नाही. त्याचा भुसासुद्धा वेगळ्या डब्यात जायचा, आणि तो डबा मालकाने स्वतःच्या हाताने मागे नेऊन जाळायचा. बस्त्यावच्या बापापासूनची रीत.

नातालीनची पेटी मी केली होती. त्यांच्या अंगणातल्या फणसाची. मिठूचा पिंजरा वर्षानुवर्षं त्याच झाडाला टांगलेला असायचा. त्या पेटीचा हातभर तुकडा उरला. तो मी डब्यात टाकला नव्हता. आढ्यावर ठेवला होता. का, ते मला विचारू नका.

एका सकाळी बस्त्याव चर्चमध्ये मिस्साला गेला असताना मी तो खाली काढला. त्यातला चार बोटांएवढा तुकडा कापला, भोक पाडलं, सुतळीने टांगला. खुणा नाहीत, वीत नाही, काही नाही. सरळ आत.

मिठूने मान वाकडी केली. एकदा बघितलं. आणि येऊन चोच घातली.

दिवसभर कुरतडत होता. एक पीस उपटलं नाही. बस्त्याव आला, बघितलं, रंध्याला बसला.  

दुकान बंद करताना बस्त्याव झाडू घेऊन पिंजऱ्याखाली बसला. फणसाचे पिवळे कपचे एक एक करून हाताने वेचले. माझ्या रंध्याचा भुसा शेजारीच पडला होता, त्यात एक कपचा मिसळू दिला नाही. मग उठला, वेगळा डबा आणला, कपचे त्यात टाकले आणि डबा घेऊन मागे गेला.

परत आला तेव्हा डोळ्यांत धूर गेला होता.

"अजून आहे का?" त्याने विचारलं.

मी आढ्याकडे बोट दाखवलं.