टेबलावरचं गेज

माझ्या नवऱ्याला वाटतं, त्याला माझं सगळं माहीत आहे. चारचौघांत तो तसं सांगतोही आणि मी हसून मान हलवते. पण एक गोष्ट त्याला माहीत नाही. आई गेली, तिलाही कधी कळली नाही. तुम्हाला सांगतेय. का, ते विचारू नका. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

कुठून सुरू करू? चिन्मयपासूनच करावं लागेल.

सव्वीस जुलैचा पूर येऊन गेला, त्याच्या पुढचं वर्ष. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते, मेकॅनिकलला. आम्ही विठ्ठलवाडीला चाळीत राहायचो. पप्पा रंगाच्या कारखान्यात होते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. चिन्मय माझ्या वर्गातला, बदलापूरचा, बेलवलीत घर. अंबरनाथच्या एमआयडीसीत विमानाच्या दारांचे आणि सीटचे छोटे भाग बनवणारा एक कारखाना होता. त्यांनी आमच्या कॉलेजातून दोघांना अर्धवेळ घेतलं. कॉलेज सुटलं की संध्याकाळपर्यंत काम, महिन्याला पगार, आणि डिग्री झाल्यावर दोघांतल्या एकाला कायमची नोकरी. ते दोघं म्हणजे तो आणि मी.

पप्पांनी अख्ख्या चाळीला सांगितलं होतं, आमची सुजाता विमान बनवते. मी बनवत होते बिजागऱ्या. पण त्यांना कोण सांगणार? आणि खरं म्हणजे मलाही ते ऐकायला आवडायचं.

चिन्मय आणि मी मित्र होतो. हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला नीट समजणार नाही. अंबरनाथ स्टेशनवरून एका रिक्षात जायचो. त्याचा हात मायक्रोमीटरवर घट्ट बसायचा, जास्त आवळायचा तो, माप चुकायचं. किती हलकं फिरवायचं ते मी त्याला शिकवलं. माझा हात चांगला होता. ही बढाई नाही — म्हणजे, असेल थोडी.

एक दिवस आमचे सुपरवायझर गायकर सर आणि चिन्मय गेटबाहेरच्या टपरीवर चहा पीत होते. मी टपरीच्या मागच्या बाजूला नळावर हात धूत होते. पुढच्या महिन्यात विमान कंपनीची माणसं कारखाना बघायला येणार होती. तपासणीच्या टेबलावर कुणाला बसवायचं, हे सर ठरवत होते. चिन्मय म्हणाला, "सर, सुजाताला पॅकिंगला ठेवा ना. चांगली आहे ती, पण कोट्यातून आलीये. विमानाचं काम आहे सर, उगाच रिस्क कशाला?"

सर काय म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी पॅकिंगला होते.

आणि त्या संध्याकाळी रिक्षात चिन्मय मला काय म्हणाला असेल? "बरंय यार तुला, पॅकिंगला आराम आहे." वर त्याच्या आईने दिलेला लाडू पुढे केला. मी तो खाल्ला. तो लाडू मी खाल्ला, याचा मला अजून राग येतो.

भांडता आलं असतं. सरांकडे जाता आलं असतं. त्याला तोंडावर विचारता आलं असतं — काय रे, ही रिस्क म्हणजे काय असते? मी काही केलं नाही. मला भांडायचंच नव्हतं. मला तो त्या कारखान्यातून बाहेर गेलेला बघायचा होता. हे आज सुचलेलं शहाणपण नाही, तेव्हाही मला हे नीट कळत होतं. मी खोके बांधत होते आणि विचार करत होते.

विमानाच्या कामात एक नियम फार कडक असतो. हत्यार हरवता कामा नये. चुकून एखादं मालाबरोबर गेलं आणि विमानात राहिलं, तर काय होईल ते सांगायला नको. आमच्याकडे भिंतीवर मोठा फळा होता. प्रत्येक हत्याराची जागा त्याच्या आकारात लाल रंगवलेली. हत्यार घेतलं की त्या जागी आपला पितळी बिल्ला लावायचा, परत ठेवलं की बिल्ला काढायचा. संध्याकाळी एक जागा जरी रिकामी असली, तरी माल गेटबाहेर जायचा नाही.

एक दिवस चिन्मयने प्लग गेज घेतलं होतं. भोकाचं माप बरोबर आहे का ते बघायची पोलादी कांडी, बोटाएवढी. चहाच्या सुट्टीत त्याने ती टेबलावर ठेवली, कापडाच्या घडीवर, अगदी व्यवस्थित. तो गेला. मी टेबलाजवळून गेले आणि ती उचलली. माझ्या डब्याच्या पिशवीत टाकली. गेटवरचा वॉचमन बायकांच्या पिशव्या उघडत नसे. मला ते माहीत होतं.

संध्याकाळी गेज सापडेना. मालाची गाडी गेटवर उभी. बांधलेले सगळे खोके परत उघडायला लागले. मी स्वतः बांधलेले खोके मी स्वतः उघडले, एकेक भाग झटकून बघितला — पिशवी माझ्या पायाशी होती. चिन्मय गुडघ्यांवर बसून मशीनखाली टॉर्च मारत होता. "मी टेबलावरच ठेवलं होतं सर, आईशप्पथ," हेच परत परत म्हणत होता.

गायकर सरांनी मला बाजूला बोलावलं. "तू काही बघितलंस का?"

इथेही थांबता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर कदाचित त्याचं ओरडण्यावर निभावलं असतं. मी म्हणाले, "सर, तो कधीकधी गेज खिशात टाकतो. आज चहाला जातानाही टाकलं होतं. मी बघितलं."

हत्यार कारखान्याबाहेर नेलं — याला तिथे माफी नव्हती. सुजाताने बघितलंय, उद्यापासून यायचं नाही, असं सरांनी त्याला सांगितलं. कॉलेजलाही कळवलं. सकाळी कॉलेजला जाताना मी ते गेज पुलावरून वालधुनी नदीत टाकलं. आठवडाभरात सरांनी मला तपासणीच्या टेबलावर बसवलं. नोकरी मला मिळाली. पुढे चांगलं चाललं. आज माझ्या सहीशिवाय माल जात नाही.

एवढंच असतं, तर कदाचित मी हे सांगितलंही नसतं.

यंदा नणंदेची मुलगी बारावीला गेली. बदलापूरला तिला क्लासला सोडायला मी गेले. क्लासचे सर जिना उतरून खाली आले. चिन्मय! केस गेलेले, चष्मा. मला बघून खरंच आनंद झाला त्याला. मुलीचा तास संपल्यावर चहा मागवला त्याने. विमानाच्या लाइनमध्ये परत कुणी घेतलंच नाही, म्हणाला, पण शिकवायला आवडतं. मग त्याने विचारलं, "सुजाता, ते गेज — तू खरंच बघितलं होतंस ना, मला खिशात टाकताना?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"कारण मला अजूनही टेबलावर ठेवलेलंच आठवतं गं. कापडावर. पण तू कशाला खोटं बोलशील? म्हणजे माझंच डोकं मला फसवतं. तेव्हापासून कशाचा भरवसाच वाटत नाही. गॅस बंद केला का, कुलूप लावलं का... बायको वैतागते."

मी त्याला विचारलं, "तू तेव्हा टपरीवर गायकर सरांना माझ्याबद्दल काय म्हणाला होतास, आठवतं?"

त्याने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "तुझ्याबद्दल? चांगलंच बोललो असेन. का गं?"

त्याला आठवतच नव्हतं. मी ते इतकी वर्षं शब्दन् शब्द जपलं होतं, आणि त्याच्या लेखी ते घडलंच नव्हतं.

मी म्हणाले, "हो. बघितलं होतं. खिशात."

त्याने मान हलवली. "बरं झालं. एकदा विचारायचं होतं."

मग त्याने क्लासला कुलूप लावलं. ओढून बघितलं. आम्ही जिना उतरायला लागलो, तसा तो परत वर गेला आणि पुन्हा ओढून बघितलं. खाली आलो, तर म्हणाला, "एक मिनिट हं." परत वर गेला. मी खाली उभी राहून त्याची पावलं ऐकत होते, आणि मला बरं वाटत होतं.

मुलीचा क्लास अजून चालू आहे. तिला सोडायला मीच जाते.